कोटेशनमधल्या ‘थेट’ या शब्दाआधी मदरबोर्ड बघा

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही कास्टिंग तपासायची यंत्रणा बसवली. कॅमेऱ्याचं चित्र कॅप्चर कार्डावर यायचं आणि त्यातली भेग जीपीयू शोधायचा. सप्लायरने कोटेशनमध्ये लिहून दिलं होतं, की दोन्ही कार्डं थेट एकमेकांना डेटा देतील, मधे रॅम नाही. लिनक्सचा कर्नल नवा, कार्डं महाग. तरी लाइन वेगात आली की फ्रेम गळायच्या. डेटा रॅममधूनच फिरत होता.

नगरकडून पुण्याला येणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात इंजिन फिरवून लावावं लागे. जंक्शनात न शिरता जाणाऱ्या कॉर्डलाइनने तो फेरा वाचवला. कार्डांमधली थेट देवाणघेवाणही तसंच काम करते. लिनक्समध्ये ही सोय, पीटूपीडीएमए, डिसेंबर 2018 मध्ये 4.20 या आवृत्तीत आली. पण कर्नल ती सरसकट देत नाही, आणि ते योग्यच आहे. वेगवेगळ्या रूट पोर्टांमधली वाहतूक पुढे पाठवलीच पाहिजे असं बंधन पीसीआय-ईच्या मानकात नाही. म्हणून कार्डं एकाच पीसीआय-ई स्विचखाली हवीत, नाहीतर प्रोसेसर कर्नलच्या मान्य यादीत हवा. एएमडीचे झेन आणि इंटेलचे काही त्यात आहेत. शिवाय एका ड्रायव्हरने आपल्या कार्डाची मेमरी खुली करायची आणि दुसऱ्याने ती वापरायची, हेही लागतं. आमच्या कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ते नव्हतंच, आणि त्या कार्डाचा स्लॉट चिपसेटमागे, म्हणजे जीपीयूपासून वेगळ्या फांदीवर होता.

सप्लायरचा इंजिनिअर म्हणाला, “साहेब, एसीएस बंद करून टाकू.” मी करू दिलं नाही. एसीएस ही पीसीआय-ईमधली प्रवेश-नियंत्रणाची सोय; तिच्यामुळे कार्डांमधली वाहतूक वर आयओएमएमयूच्या, म्हणजे कार्डांच्या मेमरी-वापरावर लक्ष ठेवणाऱ्या भागाच्या, तपासणीला जाते. ते बंद केलं, की बिघडलेलं एक कार्ड दुसऱ्याच्या मेमरीत काहीही लिहू शकतं. ज्या मशीनवर दुसऱ्यांची व्हर्च्युअल मशीनं चालतात तिथे तर हा विचारही नको. आणि ड्रायव्हरच तयार नसेल तर एसीएस बंद करून मिळणार काय?

शिरूर-दौंडकडे अशी यंत्रणा घेणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी जे मशीन मिळणार आहे नेमक्या त्याच मशीनवर ‘एलएसपीसीआय’ या कमांडची झाडासारखी मांडणी उघडून दाखवायला सांगावी. दोन्ही कार्डं कुठल्या फांदीवर आहेत ते दिसतं. मग कर्नलचा लॉग वाचायला लावा. ड्रायव्हरने थेट वाट मागितली आणि कर्नलने नाकारली, तर कारण सहसा तिथे सापडतं. तिथे काहीच नसेल, तर ड्रायव्हरने ती मागितली तरी होती का, हेही विचारा. शेवटी कॅमेरा पूर्ण वेगात चालवून रॅमवरची वाहतूक मोजा, आणि हा आकडा पर्चेस ऑर्डरमध्ये अट म्हणून घाला. तोंडी ‘सपोर्ट आहे’ चालवून घेऊ नका.

आधी हिशोबही करा. 10 गिगाबिटचा एक कॅमेरा सेकंदाला जास्तीत जास्त 1.25 जीबी देतो. रॅमला तेवढं सहज झेपतं. आमच्याकडे ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमची दोनदा नक्कल करत होता. एक नक्कल काढायला लावली आणि बफर मेमरीत पक्का बांधून घेतला. फ्रेम गळायच्या थांबल्या, कॉर्डलाइनशिवाय.