अभ्यासपाठ : कुरणातून चालताना



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातली बरीच कुटुंबं गंगोत्रीला जातात. कुणी बेळगावहून, कुणी इंदूर-बडोद्याहून. उत्तरकाशी सोडून पुढे गेलं की भटवाडी लागते. तिथून वर रैथल आणि बार्सू ही दोन गावं आहेत, आणि या गावांच्याही वर एक विस्तीर्ण कुरण आहे : दयारा बुग्याल. हिमालयात झाडांची हद्द संपली की वर जे गवताळ रान लागतं, त्याला तिकडे बुग्याल म्हणतात. आजचा पाठ या कुरणाच्या वाटेचा आहे. जिथून आपण आनंद घेऊन येतो, तिथे मागे काय ठेवून येतो, हा आजचा प्रश्न.

*वाट कशी आहे*

रैथल साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे आणि कुरण ३,००० मीटरच्या वर. आठ-नऊ किलोमीटरची चढण. आधी गावची शेतं, मग बांज आणि बुरांशचं दाट रान. मध्ये गुई नावाची मोकळी जागा लागते, तिथे गुराख्यांच्या छानी दिसतात. छानी म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहायच्या दगड-लाकडाच्या झोपड्या. आणखी चढलं की रान एकदम संपतं आणि सुमारे २८ चौरस किलोमीटरचं कुरण उघडतं. समोर ६,३१६ मीटर उंचीचं बंदरपूंछ शिखर. हनुमंतानं लंका जाळल्यावर पेटलेली शेपटी इथे येऊन विझवली, असं तिकडची माणसं सांगतात.

घरातले ज्येष्ठ सोबत असतील तर घाई नको. पहाटे निघावं, कारण दुपारनंतर पावसाचा भरवसा नसतो. दम लागला की थांबावं. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर हट्टानं वर न जाता खाली उतरावं.

*गवत दिसतं तेवढं साधं नाही*

हे कुरण कितीतरी महिने बर्फाखाली असतं. गवताला वाढायला वर्षातले चार-पाच महिनेच मिळतात. खाली खडक, त्यावर मातीचा थर, आणि ती माती धरून ठेवतात गवताची मुळं. वितळलेलं बर्फ आणि पाऊस हीच माती मुरवून घेते, मग ते पाणी हळूहळू खालच्या झऱ्यांना मिळतं. म्हणजे वरच्या गवतावर खालच्या गावचं पाणीही अवलंबून आहे आणि गुरांचा चाराही.

आता बघा काय होतं. पायवाटेवर चिखल झाला की आपण बूट वाचवायला बाजूच्या गवतातून जातो. मागचा आपल्या मागून येतो. चार दिवसांत तिथेही चिखल होतो, मग पुढचे आणखी बाजूला सरकतात. एका वाटेच्या चार वाटा होतात. पाय आणि खेचरांचे खूर यांनी गवत मेलं की माती उघडी पडते. पाऊस त्या वाटेनंच धावतो, चर पडतो, चराच्या कडा ढासळतात. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. प्रत्येकजण फक्त एक पाऊल बाजूला टाकतो.

दयाऱ्यावर अशी माती वाहून जाऊ लागली तेव्हा वनखात्यानं काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि पिरूल, म्हणजे चिडाच्या वाळलेल्या सुया, वापरून ते चर बांधले. आपल्या गोवा-कोकणच्या लोकांना काथ्या काही नवा नाही. नारळाच्या सोडणाचा तोच काथ्या तिथे माती धरून ठेवतो. गवत रुजेपर्यंत टिकतो आणि मग कुजून मातीतच मिसळतो. पण एका पावलानं जे मोडतं, ते बांधायला किती हात लागतात बघा.

२०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला मनाई केली. त्यामुळे जायच्या आधी वनखात्याकडे नियमांची चौकशी करूनच बेत ठरवावा.

*रैथलकरांचं लोणी*

उन्हाळ्यात रैथलची माणसं गुरं घेऊन वर जातात. भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, ती दयाऱ्यावर अंढूडी उत्सव करतात. एकमेकांना दूध, ताक, लोणी लावून होळीसारखे खेळतात. यात खेळ आहेच, पण त्याआधी आभार आहेत : या गवतानं गुरं पोसली, त्याचं दूध झालं, म्हणून पहिलं देणं त्याचं. आपण तिथे एका दिवसाचे पाहुणे. लोणी नेता येणार नाही, पण पाऊल जपून टाकणं हे आपलं देणं ठरू शकतं.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. चिखल असला तरी मळलेल्या वाटेनंच जायचं, एकामागे एक. बूट घरी येऊन धुता येतात.
२. नेलेला प्रत्येक कागद, पिशवी, बाटली परत आणायची. मुलांपैकी एकाकडे ही जबाबदारी द्यावी, ती मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.
३. फूल तोडायचं नाही, बघायचं.
४. हिमालयात जाणं सगळ्यांना जमत नाही. आंबोली-चोर्ल्याच्या सड्यावर किंवा गावच्या टेकडीवर गेलात तरी नियम हाच.

रविवारी जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून एवढंच बोलावं : आपल्या रोजच्या जगण्यात "माझ्या एकट्याच्या पावलानं काय होतंय" असं आपण कुठे कुठे म्हणतो? नळ, रस्ता, जिना, स्वयंपाकघर, काहीही चालेल. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगावी आणि महिनाभर ती सांभाळावी. पुढच्या पाठाआधी आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन ओळी जरूर लिहाव्यात.