ठाण्याच्या किल्ल्यातले गाणे

आपले जुहू दोनशे वर्षांपूर्वी साष्टीला लागून असलेले एक लहानसे बेट होते. साष्टीच्या दुसऱ्या कडेला, खाडीच्या काठी, ठाण्याचा किल्ला आहे. आज तिथे तुरुंग आहे. त्या काळी इंग्रजांनी तिथे एक मोठा कैदी ठेवला होता. त्याचे नाव त्रिंबकजी डेंगळे. त्याची हकीकत आम्ही सांगतो.

त्रिंबकजी संगमनेरकडच्या निंबगाव जाळीचा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांकडे तो आधी साधा जासूद होता. जासूद म्हणजे निरोप पोचवणारा. गडी हिंमतीचा. सांगितलेले काम फत्ते करायचा. चढत चढत तो पेशव्यांचा कारभारी झाला. इंग्रजांचा वरचष्मा त्याला खपत नसे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी गावांचा वसूल मक्त्याने देत. जो जास्त पैसे कबूल करी, त्याला मामलत मिळे. मग तो ते पैसे रयतेकडून पिळून काढी. कागदावर काय लिहिले आहे, ते बहुतेक रयतेला वाचता येत नव्हते.

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पेशव्यांकडे आले होते. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. १८१५ च्या जुलै महिन्यात पंढरपुरात त्यांचा खून झाला. इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टन याने ठपका त्रिंबकजीवर ठेवला. उघड खटला चालला नाही. शेवटी बाजीरावांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केले.

ठाण्यात पहारा गोऱ्या शिपायांचा होता. देशी शिपाई फितूर होतील, अशी भीती होती. पण तिथल्या एका अंमलदाराचा मोतद्दार मराठा होता. घोडा फिरवताना तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून गाणे म्हणत जाई. गाण्यातच सुटकेचा निरोप असे. पहारेकऱ्यांना सूर ऐकू येई, अर्थ कळत नसे! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला.

पुढे त्याने माणसे जमवली. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई जुंपली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत त्रिंबकजीही होता. जूनमध्ये बाजीराव इंग्रजांना शरण गेले. त्याच महिन्यात नाशिककडच्या अहिरगावला त्रिंबकजी पकडला गेला. या खेपेला त्याला फार दूर, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवले. तिथेच १८२९ साली तो वारला.

मंडळी, ठाण्याची तटबंदी भक्कम होती. बंदुका होत्या. पण भाषा कळेना, म्हणून सारा पहारा फुकट गेला. आणि रयतेचे काय झाले? कागद डोळ्यांपुढे असून वाचता येईना, म्हणून ती लुबाडली गेली. आता तुम्ही वाचू लागला आहात. अंगठा उठवण्याआधी कागद नीट वाचा. मग अंगठ्याची गरजच काय? सहीच करा!

सांगा पाहू :
१. पहारा गोऱ्या शिपायांचा का ठेवला होता?
२. गाण्यातला निरोप त्यांना का कळला नाही?
३. वसुलाच्या मक्त्यामुळे रयतेवर काय बेतले?