डोक्याला मार लागल्यानंतरचा निद्रानाश

मोटारसायकलवरून पडलेले एक शिक्षक तीन आठवड्यांनी माझ्याकडे आले. सी.टी. स्कॅन नॉर्मल, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, डोके ठणकते, वर्गातला गोंगाट सोसवत नाही. "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट चांगला आहे. मग घरचे म्हणतात तसे हे सोंगच का?"

सोंग मुळीच नव्हे. डोक्याला हादरा बसला की मेंदूतील पेशींचे कामकाज बिघडते. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेले हाड दिसते, हा बिघाड दिसत नाही. बहुतेकांना महिनाभरात आराम पडतो, काहींना अधिक काळ लागतो.

चौकशी करता कळले, की हे गृहस्थ दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून असत. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीच असा सल्ला देत असू! आता पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती पुरेशी मानतात. त्यांना रोज ठरल्या वेळी उठून कोवळ्या उन्हात फिरायला सांगितले; त्रास फार वाढला की थांबायचे. दुपारची झोप व संध्याकाळचा चहा बंद केला. डोकेदुखीची गोळी ते रोज घेत. पण रोजच्या गोळ्यांनीही डोके दुखते. झोपेची गोळी मागितली, ती मी दिली नाही. पाचव्या आठवड्यात ते शाळेत जाऊ लागले, आधी अर्धाच दिवस.

मात्र डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार उलट्या, झटके, असंबद्ध बोलणे, हातापायांत कमजोरी किंवा गुंगी आली, तर तडक रुग्णालय गाठावे. वयस्कर माणसांत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, मेंदूवर रक्त साचल्याची ही लक्षणे कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतात.