आधी ब्रेकचा पाइप, मग वेल्डिंग

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1964 साली फियाट 1100 डिलाइट बनू लागली. 1974 मध्ये तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. खासगी मालकांकडे मात्र अजून बऱ्याच पद्मिनी आहेत, आणि समुद्राच्या हवेने त्यांचा खालचा पत्रा खाल्लेला आहे. हौशी मालक मग खालून जोडपट्ट्या मारून, चॅनल लावून गाडी मजबूत करून घेतात. या मजबुतीच्या कामात ब्रेकच्या पाइपाचं काय होतं, यावर ऋता आणि गॅरेजमध्ये हयात घालवलेले तिचे मामा यांच्यात झालेलं हे बोलणं.

ऋता: मामा, आजोबांच्या पद्मिनीला खालून दोन चॅनल मारायचं ठरलंय. फरशी गंजलीय, कडेच्या पेट्याही. वेल्डर म्हणतो दोन दिवसांत उरकतो. फक्त ब्रेकचा पाइप मध्ये येतोय, तो म्हणे नंतर बघू.

मामा: त्याला आजच थांबव. वेल्डिंग झाल्यावर पाइपाला जागा शोधायची म्हणजे उरलेली जागा घ्यायची. आणि उरलेली जागा कुठली? एक तर सायलेन्सरजवळची, नाही तर चॅनलच्या खालची. दोन्ही वाईट.

ऋता: पण चासीला आणखी दोन पट्ट्या लागल्या तर पाइपाचं एवढं काय बिघडतं?

मामा: मुळात पद्मिनीला वेगळी चासी नाहीच. जीपला असते, शिडीसारखी, वर बॉडी बोल्टने बसवलेली. पद्मिनीत बॉडी हीच चासी. फरशीखाली दुमडलेल्या पत्र्याच्या पेट्या स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या असतात, त्यांनाच आपण गॅरेजमध्ये चासी म्हणतो. कंपनीने पाइप टाकला तो या पेट्यांच्या आडोशाने, दगड लागू नये, जॅक लागू नये म्हणून. तू तिथे नवा चॅनल मारलास की तो आडोसाच भरून जातो. जीपवाल्यांचंही तेच होतं. सी आकाराच्या चॅनलची उघडी बाजू पट्टी मारून बंद करतात, आणि पाइप नेमका त्या चॅनलच्या पोटातून गेलेला असतो.

ऋता: मग राहू दे की पोटात! पट्टी बाहेरून. पाइप आत, सुरक्षित. बाथरूमच्या भिंतीत नळाचे पाइप असतात तसा.

मामा: भिंतीतला पाइप गळला तर खालच्या मजल्यावरचे वर येऊन भांडतात, म्हणून कळतं. गाडीत भांडायला कोण येणार? बंद पेटीत ओल साचते, पाइप बाहेरून गंजतो आणि तुला दिसत नाही. ब्रेकच्या पाइपाचा पहिला नियमच हा, की तो डोळ्यांना दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे. शिवाय पट्टीची वेल्डिंग करताना पाइप आत असेल तर त्याचा गंजरोधक थर जळतो, शेजारचा रबरी होज वितळतो, आणि आतलं ब्रेक ऑइल पेट घेऊ शकतं. वेल्डिंगच्या आधी त्या भागातले पाइप आणि होज दोन्ही काढायचे, तोंडं बुचाने बंद करायची, बॅटरीची वायर सोडायची.

ऋता: आणि सांडलेलं ऑइल ब्रेक क्लीनरने पुसून घ्यायचं.

मामा: इथे जरा थांब. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असतं. त्याचा अंश राहिला आणि त्यावर वेल्डिंगची ज्योत पडली तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला होता तो. डब्यावरचं लेबल वाच, क्लोरीन नसलेलाच घे, आणि तोही पूर्ण वाळू दे. ब्रेक ऑइल तर साध्या पाण्यानेही धुतलं जातं. मात्र रंगावर सांडलं तर रंग उठवतं, म्हणून लगेच धू.

ऋता: बरं. पाइप काढला. आता नवा रस्ता कसा ठरवायचा?

मामा: वेल्डिंगची एक सरळ सळई घे, किंवा जाड तार. चॅनल नुसता क्लॅम्पने धरून जागेवर लाव, वेल्ड करू नकोस. मग सळई पाइपाच्या रस्त्याने वाकवत ने, मास्टर सिलिंडरपासून मागच्या होजपर्यंत. कुठे अडतंय, कुठे धार लागतेय, कुठे सायलेन्सर जवळ येतोय, सगळं तिथेच कळतं. सळई हाच तुझा नमुना. पाइपाची लांबी त्यावरून घे आणि चॅनलला भोकं कुठे हवीत तेही त्यावरूनच. भोक पाडायचं तर ते आताच, टेबलवर, ड्रिलने. गाडीखाली पाठीवर झोपून भोकं पाडणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या भोकांना कडा असतात.

ऋता: म्हणजे चॅनलमधून आरपार पाइप न्यायला हरकत नाही?

मामा: पेटीच्या आतून लांबलचक न्यायला हरकत आहे, आडवा ओलांडायला नाही. ओलांडायचा असेल तर पेटीतून एक छोटी नळी आरपार घाल, दोन्ही बाजूंना चारी अंगांनी वेल्ड कर. म्हणजे पेटी बंदची बंद राहिली, पाणी आत गेलं नाही, आणि भोकामुळे गेलेली ताकदही बरीचशी परत आली. त्या नळीतून ब्रेकचा पाइप, दोन्ही तोंडांना रबरी ग्रोमेट. पत्र्याची उघडी कड पाइपाला लागली की गाडीच्या थरथरीने ती करवतीचं काम करते, आणि ते किती दिवसांत हे कुणी सांगू शकत नाही.

ऋता: आणि ओलांडायचा नसेल तर?

मामा: तर चॅनलच्या आतल्या बाजूने, उभ्या भिंतीला लावून ने. आतली म्हणजे गाडीच्या मध्याकडची. चाकाने उडवलेला दगड तिथे पोचत नाही. खालच्या अंगाला कधीच नाही. स्पीडब्रेकरवर पद्मिनीचं पोट घासतं हे तुला माहीत आहे, आणि पंक्चर काढणारा मुलगा जॅक नेमका त्या नव्या, मजबूत दिसणाऱ्या चॅनलखालीच लावणार. त्याला काय माहीत पाइप कुठून गेलाय.

ऋता: आतल्या बाजूने वळसे घेत गेलं तर पाइप हातभर लांब होईल. ब्रेक उशिरा लागणार नाही?

मामा: हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि गणित केलं की भीती जाते. ब्रेकच्या पाइपाची बाहेरची जाडी 4.75 मिलिमीटर, म्हणजे तीन सोळांश इंच. आतलं छिद्र साधारण 3.3 मिलिमीटर. अर्धा मीटर पाइप वाढला तर आत चारेक मिलिलिटर ऑइल जास्त बसतं. आता दाब बघ. समजा तू पेडलवर 30 किलोचा जोर दिलास. पेडल तरफेसारखं काम करतं, समजा जोर पाचपट झाला, 150 किलो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पाऊण इंचाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ 2.85 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पन्नासच्या वर किलो. टायरमध्ये दोनच्या आसपास असतात.

ऋता: बाप रे.

मामा: एवढ्या दाबाखाली त्या चार मिलिलिटर ऑइलचं आकारमान किती आक्रसतं? एका थेंबाहूनही कमी. आणि बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे तर पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. पाइप लांब झाल्याने ब्रेक मऊ होत नाही. मऊ होतो तो हवेने. हवा आक्रसते, आणि भरपूर आक्रसते.

ऋता: पण पाइप बंद, ऑइल भरलेलं, मग हवा येते कुठून?

मामा: तू पाइप काढलास तेव्हाच आत गेली. प्रश्न ती बाहेर कशी काढायची हा. इथे तुझा नवा रस्ता आडवा येतो. चॅनलवरून जाताना पाइप वर चढून परत खाली उतरला, की त्या उंचवट्यावर बुडबुडा जाऊन बसतो. चाकाजवळचं हवा काढायचं निपल उघडून पेडल हळू मारलं तर ऑइल त्याच्या खालून निघून जातं आणि तो तिथेच. म्हणून होता होईल तो पाइप सपाट, नाही तर एकाच दिशेने चढता किंवा उतरता ठेवायचा. कमान करावीच लागली तर हवा काढताना प्रेशरचं यंत्र वापरायचं, ऑइल जोरात वाहिलं की बुडबुडाही सोबत ओढला जातो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून.

ऋता: पाइप कुठला घेऊ? एकाने तांब्याचा सुचवला. हाताने वाकतो म्हणे.

मामा: वाकतो, खरंय. पण निव्वळ तांबं थरथरीने कडक होत जातं आणि एके दिवशी तोंडाजवळ तडकतं. ते नको. स्टीलचा मूळचा पाइप चांगला, फक्त क्लिपेखाली चिखल साचला की तिथे गंजतो. मुंबईच्या हवेत मी तांबं-निकेलचा सांगेन. नव्वद टक्के तांबं, दहा टक्क्यांच्या आसपास निकेल. व्होल्वोने 1970 च्या दशकात तो आपल्या गाड्यांत घातला. गंजत नाही, वाकायला सोपा, आणि दाबाला स्टीलच्या तोडीचा. महाग आहे. पण एका गाडीला लागतो किती?

ऋता: वाकवायचा हाताने?

मामा: मोठी वळणं हाताने, लहान वळणं बेंडरने. वळणाची त्रिज्या पाइपाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी, नाही तर तो चेपतो. कापायचा पाइपकटरने, करवतीने नाही. करवतीचा कीस आत राहिला तर व्हील सिलिंडरच्या रबराला खातो. आणि तोंड फुलवण्याच्या आधी नट आत सरकवायचा. हसू नकोस, चांगले चांगले मिस्त्री हे विसरतात.

ऋता: तोंड फुलवायचं म्हणजे?

मामा: पाइपाचं टोक शिंगासारखं उघडायचं. तेच फुललेलं तोंड समोरच्या बसकीवर दाबलं जातं आणि गळती थांबते. गळती आट्यांनी थांबत नाही, हे नीट लक्षात घे. म्हणून आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळणं हा निव्वळ वेडेपणा. ब्रेकसाठी तोंड दुहेरी फुलवावं लागतं, पत्रा आत दुमडून. एकेरी फुलवलेलं तोंड चिरतं. काही गाड्यांत मात्र बसकीचा आकार वेगळा असतो आणि तिथे बुडबुड्याच्या आकाराचं तोंड लागतं. जुनं तोंड शेजारी ठेवून नवं जुळवायचं.

ऋता: नट बाजारातून कुठलाही?

मामा: अजिबात नाही. यात खरा घात आहे. दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पेरांचा मेट्रिक नट आणि तीन अष्टमांश इंचाचा, इंचाला चोवीस आट्यांचा नट, हे दोघे दिसायला भाऊ. तीन अष्टमांश म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मेट्रिक भोकात इंचाचा नट छान फिरत जातो, शेवटी घट्टही वाटतो. प्रत्यक्षात तो आट्यांच्या नुसत्या टोकांवर लोंबतोय. घाबरून पेडल दाबलंस की सुटला. जुन्या गाडीत गेल्या पन्नास वर्षांत कुणी काय बसवलंय देव जाणे, म्हणून प्रत्येक सांधा आटे मोजायच्या गेजने तपास. आणि मधे जोड घालू नकोस. पाइप थोडा तोकडा पडला म्हणून कॉम्प्रेशनची जोडणी लावणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पुन्हा जायचं नाही.

ऋता: क्लिपा?

मामा: फुटाच्या आत एक, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना. रबर लावलेल्या घे, म्हणजे तांबं-निकेल आणि चॅनलचं लोखंड एकमेकांना भिडणार नाहीत. चॅनलला रंग आधी, क्लिप मग.

ऋता: आता मागचा होज राहिला.

मामा: आणि तोच सगळे विसरतात. मागचा अॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो, म्हणून बॉडी आणि अॅक्सल यांच्यामध्ये रबरी होज. नवा चॅनल त्याच्या वाटेत आला का ते गाडी उचलून, चाकं लोंबकळत ठेवून बघ. मग गाडी जमिनीवर, मागच्या सीटवर तिघे धट्टेकट्टे बसवून परत बघ. दोन्ही वेळेला होज ताणलेला नको, पिळलेला नको, चॅनलच्या कडेला घासणारा नको. सायलेन्सर जवळ असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लाव. जुनं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 3 दर्जाच्या ऑइलचा 205 अंशांवरून 140 पर्यंत येतो. सायलेन्सरच्या उष्णतेने ते उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे परत हवेसारखंच मऊ पेडल.

ऋता: सगळं झालं, ऑइल भरलं, हवा काढली. मग निघायचं?

मामा: मग इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाब आणि दोन मिनिटं दाबूनच ठेव. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळतंय. दुसऱ्याने तोवर प्रत्येक सांध्याला पांढरा कागद लावून बघायचा. ओला झाला की तो सांधा खोल. थोडी गाडी चालवून झाली की हेच परत. आणि तुझ्या गाडीत मास्टर सिलिंडर एकाच खणाचा आहे, पुढचा-मागचा वेगळा नाही. एक सांधा गेला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक तारेवर चालतो, ऑइलवर नाही. पहिल्यांदा गाडी गल्लीत काढण्याआधी तो धरतो की नाही, ते बघून घे.