करडईचं तेल आणि काळं मशीन

मशीनचं तेल संपलं होतं, एवढंच कारण. एप्रिलचे दिवस, लग्नसराईचे ब्लाउज अंगावर, आणि ऊन असं की भर दुपारी लोहाऱ्याच्या बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नव्हतं. बाटली आणायला कोण जाणार? स्वयंपाकघरात घाण्यावरून आणलेलं करडईचं तेल होतं. तेल ते तेल, असं म्हणत मी वरच्या सगळ्या छिद्रांत चमच्यानं ओतलं. त्या दिवशी मशीन इतकं हलकं पळालं की मला माझंच कौतुक वाटलं.

लग्नं आटोपली. मशीन झाकून ठेवलं. मे महिन्यात पत्र्याखालच्या त्या खोलीत बसवत नाही, त्यामुळे कुणी हात लावला नाही. जूनमध्ये शाळेचे गणवेश आले. पहिला शर्ट कसाबसा झाला, दुसऱ्याच्या कॉलरला चाक जड लागलं, आणि बाहीला आल्यावर ते जागचं हलेना.

इथून पुढे जे केलं ते सगळंच चुकलं. चाकाला दोन्ही हातांनी हिसका दिला. चाक फिरलं, सुई मोडली आणि तिचं टोक आत शटलमध्ये जाऊन बसलं. नवी सुई लावली तर कापडाखाली दोऱ्याचा पुंजका. गुंता खाली दिसतोय म्हणजे दोष खालीच, असं समजून मी बॉबिनच्या केसचा बारीक स्क्रू पिळत बसले. पिळता पिळता तो निघाला आणि फरशीच्या फटीत गेला. गणवेश शेवटी गल्लीतल्या दुसऱ्या बाईला द्यावे लागले. त्या महिन्याची शिलाई गेली ती गेलीच.

उमरग्याहून मिस्त्री आले. त्यांनी वरचं झाकण उघडलं, बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, फोडणीचं तेल घातलंत का?" आत सगळीकडे पिवळट डिंक धरला होता आणि त्यात कापडाचं भुसकट रुतून बसलं होतं. करडई आणि जवस ही तेलं हवेत उघडी राहिली की वाळतात, त्यांचा पापुद्रा धरतो. म्हणून तर रंगात आणि व्हार्निशात ती वापरतात. मी मशीनला आतून व्हार्निश मारलं होतं, आणि मेच्या उन्हानं ते पक्कं वाळवून दिलं होतं. खोबरेल घालणाऱ्या बायकाही मला माहीत आहेत. ते तर थंडीत बाटलीतच गोठतं, मग मशीनच्या सांध्यात काय करणार? शिवणमशीनला खनिज तेलच हवं, ते पातळ, पाण्यासारखं, बिनवासाचं. तेही एकेका छिद्रात एक थेंब, फार तर दोन.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात बसून सगळं बघत होत्या. "भूकंपात दगडाखालून निघालं तरी बिघडलं नव्हतं हे," एवढंच म्हणाल्या. मला खाली बघावं लागलं.

ते खरंच आहे. मशीन त्यांच्या माहेरचं, सास्तूरचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सास्तूरची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं माळवद टाकलेली होती. माणसं त्या माळवदाखालीच दबली. आत्याबाई त्या रात्रीबद्दल बोलत नाहीत, मीही विचारत नाही. मशीनबद्दल मात्र बोलतात. ढिगारा उपसताना ते कितीतरी दिवसांनी निघालं. खालचा लोखंडी सांगाडा मोडलेला, डोकं शाबूत, पण ओल्या मातीनं भरलेलं आणि गंजून घट्ट झालेलं. त्यांच्या भावानं डोकं घमेल्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि रोज चाक हातानं सुपारीएवढं पुढे, सुपारीएवढं मागे हलवलं. हिसका नाही. एके दिवशी चाक फिरलं. मग रॉकेल पुसून काढून तेल दिलं. पुढे कितीतरी वाकळा त्याच मशीनवर झाल्या.

मिस्त्रींनीही माझ्यासमोर तेच केलं. छिद्रांत रॉकेल, चाक हळूहळू, काळं-पिवळं पाणी बाहेर, फडकं, पुन्हा रॉकेल. शेवटी कोरडं पुसून मशीनचं तेल. रॉकेल आता सहज मिळत नाही. त्यांचं म्हणणं, मशीनचंच तेल सढळ हातानं सोडून रात्रभर ठेवावं आणि सकाळी चाक हलवून बघावं, दोन-तीन दिवस लागले तरी चालतील. रॉकेल वापरलंच तर चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब, दार उघडं ठेवून. आणि रॉकेल हे तेल नव्हे. ते मळ काढतं, वंगण देत नाही. नुसतं रॉकेल घालून शिवायला बसलात तर लोखंडावर लोखंड घासतं.

त्या पुंजक्याचं गूढही त्यांनी उकललं. कापडाखाली दोरा गोळा झाला की दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. एक तर तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधून गेलेला नसतो, नाहीतर चकत्यांमध्ये तूस अडकून त्या नीट मिटत नाहीत. कापड दाबणारा पाय वर उचलला की चकत्या सैल होतात. त्या वेळी दोरा ओवावा आणि जाड दोऱ्याचा तुकडा मधून ओढून तूस काढावं. केसच्या स्क्रूला हात लावायची वेळ क्वचितच येते. आलीच तर खाली पांढरं फडकं अंथरा. माझा स्क्रू अजून फरशीखाली आहे.

आता मी जे करते ते सांगते. दर आठ-दहा दिवसांनी, आणि वाकळ शिवली असेल तर त्याच दिवशी, सुई वर घेऊन बॉबिन आणि केस काढते. शटल धरून ठेवणारी कडी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या फिरवून सोडवते आणि अर्धचंद्रासारखं शटल बाहेर घेते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढते, नाहीतर बसवताना उलटसुलट होतं. सुईखालची पट्टी दोन स्क्रूंवर असते. ती उघडली की दात्यांच्या खाचांत दबलेला तुसाचा नमदा दिसतो. पहिल्यांदा बघाल तर किळस येईल. रंगाचा जुना ब्रश घेऊन तो झाडून काढायचा. तोंडानं फुंकायचं नाही; तूस आणखी आत जातं आणि वाफेनं गंज धरतो. झाडणं आधी, तेल नंतर. मळावर तेल सोडलं की त्याची लापशी होते. तेल दिल्यावर चिंधीवर दोन-चार ओळी रिकाम्या शिवून घ्यायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडत नाही.

आमच्याकडे आणखी एक भानगड असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावभर बारीक भुसा उडतो आणि काळ्या रानाची धूळ तर बारमाही. त्या दिवसांत मशीन खिडकीपाशी ठेवत नाही. झाकायला जुनी सुती साडी घेते. पावसाळ्यात प्लास्टिकखाली ओल कोंडते.

चामडी पट्ट्याला तेलाचं बोट लागू देऊ नका, तो घसरतो. सैल झाला तर अर्धा इंच कापून पुन्हा आकड्यात अडकवायचा. सुई घेताना घरगुती मशीनची, म्हणजे दांड्याला एक बाजू सपाट असलेली मागा. कारखान्यातल्या मशीनची दांडी गोल असते. बोथट सुई टकटक आवाज करते, तेव्हा पाच-दहा रुपये वाचवू नयेत. मोटर बसवली असेल तर वायर काढल्याशिवाय आत बोट घालू नका, एवढं पुरे.

मशीनच्या तेलाची बाटली आता मशीनच्या खणातच असते. नातवंडं घरात आहेत आणि आत्याबाईंची नजर अधू झाली आहे, म्हणून तिच्या मानेला मी लाल दोरा गुंडाळलाय. करडईची बाटली चुलीजवळ. परवा आत्याबाई वाकळ घेऊन मशीनवर बसल्या, खणात हात घालून आधी दोरा चाचपला आणि मगच झाकण काढलं.