आरोग्याचा पाठ : लेकरू रडते तेव्हा

सख्यांनो, हा पाठ बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं लेकरू आहे, त्या घरच्या सासूबाईंनाही त्या दिवशी बोलावून घ्या. कारण लेकरू रडलं की काय करायचं हे आई एकटी ठरवत नाही. घरची म्हातारी, शेजारीण, नवरा, सगळेच काही ना काही सांगतात. कोणी म्हणते, "नजर लागली वं." कोणी म्हणते, "दूध पुरत नसन त्याले." कोणी घुटी उगाळायला बसते. आई बिचारी लेकरू खांद्यावर घेऊन स्वतःच रडकुंडीला येते.

२०२५ च्या फेब्रुवारीतली चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावची बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकली असेल. अवघ्या २२ दिवसांच्या लेकराच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं ६५ चटके दिले होते. शेवटी त्याला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मेळघाटात या प्रकाराला 'डम्मा' म्हणतात. पोट फुगलं, लेकरू रडू लागलं, धाप लागली की हा उपाय करतात. करणाऱ्याच्या मनात वाईट नसते. लेकरू वाचावं म्हणूनच करतात. पण चटक्यानं पोटातलं दुखणं जात नाही. भाजलेल्या जागेतून जंतू शिरतात, आणि खरा आजार असेल तर दवाखान्यात जायला उशीर होतो.

"आपण थोडीच असं करतो," असं म्हणून खालच्या पट्ट्यातल्या आपण मोकळ्या होऊ नका. विळा आपण तापवत नाही, पण घुटी, ग्राइप वॉटर, मध, साखरपाणी आपल्या घरात चालतेच. रागाच्या भरात लेकराला गदगदा हलवणंही होते. म्हणून लेकरू रडते तेव्हा काय पाहायचं, काय करायचं आणि दवाखान्यात केव्हा पळायचं, हे आज नीट समजून घेऊ.

आधी पाहा

लेकरू रडलं की लगेच काही तोंडात घालू नका. आधी एकेक गोष्ट पाहा.

१. भूक. लहान लेकराला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजावं लागते. मूठ चोखणं, मान वळवून तोंड उघडणं ही भुकेची पहिली खूण. रडणं ही शेवटची खूण. पहिला आठवडा सरल्यावर लेकरू दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते असं समजा. नुसतं रडते म्हणून "दूध कमी आहे" असं ठरवू नका.

२. ओलं दुपटं, लंगोट. बदला, आणि जांघेत लाल झालं आहे का ते पाहा.

३. गरमी. आपल्या अकोल्या-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी लेकराला टोपडं, मोजे आणि वरून जाड दुपटं असते. मानेमागे हात लावून पाहा. घाम असेल, अंग तापलं असेल तर कपडे कमी करा, पातळ सुती झबलं घाला, सावलीत, हवेशीर जागी घ्या. हिवाळ्यात उलटं पाहा. हातपाय आणि पोट गार लागलं तर छातीशी घ्या.

४. टोचणं. सगळे कपडे काढून एकदा पूर्ण अंग पाहा. करदोडा, मनगटाचा काळा दोरा, वाळा घट्ट झाला का? पायाच्या बोटाला आईचा केस किंवा झबल्याचा दोरा गुंडाळला का? मुंगी चावली का? एवढ्याशा केसानं बोट सुजते आणि लेकरू तासभर रडते.

५. ढेकर. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून पाठीवरून हात फिरवा.

६. झोप. फार वेळ जागं राहिलेलं, चार हातांत फिरलेलं लेकरूही चिडून रडते. त्याला गर्दीतून बाजूला न्या.

सगळं ठीक आहे, तरी रडते

असंही होते, आणि हे प्रत्येक आईला माहीत पाहिजे. लेकराचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होते, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होते. बहुतेक लेकरं सांजेला जास्त रडतात. काही धडधाकट लेकरं दिवसाला तीन-तीन तास रडतात. पोटात बिघाड नसतो, नजर नसते, आईचंही काही चुकलेलं नसते.

आता आपल्या रीतीशी हे जुळवून पाहा. सहावा आठवडा म्हणजे सव्वा महिना सरला. तोपर्यंत बाळंतिणीजवळ कोणी ना कोणी असते, तेल लावून द्यायला, रात्री घ्यायला. सव्वा महिना झाला की पाहुणी आपल्या गावी जाते, बाळंतीण चुलीपाशी येते. निंदणाचे, वेचणीचे दिवस असले तर वावरातही जाते. म्हणजे लेकराचं रडणं जेव्हा सगळ्यात जास्त, तेव्हाच मदतीचे हात सगळ्यात कमी. चुकीचे उपाय होतात ते याच दिवसांत.

कसं शांत करायचं

छातीला लावा. आईच्या उघड्या छातीवर उघडं लेकरू, वरून लुगडं किंवा चादर. कमी वजनाच्या लेकरांसाठी दवाखान्यात हीच 'कांगारू' पद्धत शिकवतात, आणि घरी वडील, आजीही ती करू शकतात.

घेऊन चाला. जपानमधल्या रायकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये रडणारी लेकरं आणि त्यांच्या आया यांचा अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं: लेकरू घेऊन पाच मिनिटं एका लयीत, न थांबता चाला. ते झोपलं की लगेच खाली ठेवू नका. पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, झोप लागू द्या, मग ठेवा. लगेच ठेवलं की अंग सुटताच लेकरू जागं होते. आपल्या म्हाताऱ्या अंगणात येरझारा घालत हेच करत आल्या.

झोका द्या, पण हळू. झोयीत किंवा पाळण्यात लेकराची मान पुढे मुडपून हनुवटी छातीला टेकली नाही ना, तोंडावर कापड आलं नाही ना, हे पाहत राहा. झोपवताना पाठीवर झोपवा.

गुणगुणा. ओवी असो की भजन, सूर एकसारखा ठेवा. कोमट पाण्यानं अंग पुसणं, पोटावर हलक्या हातानं गोल फिरवणं, हेही चालते.

काय करू नका

सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही. उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, कारण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. आईनं मात्र भरपूर पाणी प्यावं. घुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी देऊ नका. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच, त्यातल्या जंतूंमुळे लेकराला लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मात्र बंद करू नका.

लेकराला कधीही जोरात हलवू नका. त्याची मान कच्ची असते. हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन लेकरू आंधळं होऊ शकते, दगावूही शकते. डोकं तापलं असेल तर लेकराला खाटेवर नको, कारण ते पडू शकते. जमिनीवरच्या अंथरुणावर पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं दाराबाहेर जाऊन उभ्या राहा. पाच मिनिटं रडल्यानं लेकराला काही होत नाही.

डम्मा, चटके, बिब्बा अजिबात नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर ओवाळा, पण त्यापायी दवाखान्याची वेळ चुकवू नका.

केव्हा लगेच दवाखाना

यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- दूध ओढत नाही, किंवा सुस्त पडून आहे.
- अंग तापलं आहे, किंवा छातीशी घेऊनही गार आहे.
- शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचे श्वास ६० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जाते, कण्हते.
- झटके येतात.
- हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट फुगून कडक.
- तळहात-तळपाय पिवळे.
- नाळेतून पू, आजूबाजूला लाली.
- रडणं नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं किंवा फार क्षीण.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. खूप रडलेलं लेकरू एकदम गप्प झालं, अंग ढिलं पडलं, उठवून उठत नाही, तर "झोपलं बिचारं" म्हणू नका. रडणाऱ्या लेकरापेक्षा अशा गप्प लेकराची जास्त काळजी करा. १०८ ला फोन करा. नेताना लेकरू छातीशी धरा, आणि पीत असेल तर पाजत राहा.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते. तेव्हा तिच्यासमोर लेकराचे कपडे काढा, वजन करा, आणि रडण्याचं मोकळेपणानं सांगा.

गटाचं काम काय?

शंभर वर्षांमागे मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका लेकराला अफूची 'बाळागोळी' देत. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही. त्या बायकांना माया नव्हती असं नाही. पाळी चुकली तर मजुरी जाई आणि लेकरू धरायला घरी कोणी नसे. जिथे धरायला हात नव्हता तिथे गोळी आली.

आपल्या गटात दहा-बारा जणी आहेत, म्हणजे वीस-चोवीस हात आहेत. गटातल्या बाईची किंवा तिच्या सुनेची बाळंतपणाची तारीख आधीच वहीत लिहा. सव्वा महिना सरल्यापासून पुढचे दोन महिने रोज सांजेला एकीनं त्या घरी अर्धा-पाऊण तास जावं. लेकरू घ्यावं, आईला जेवू द्यावं, जमलं तर डोळा लागू द्यावा. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर झोयीजवळ एक जण आळीपाळीनं बसावी, आणि लेकरू उठलं की आईला पाजायला बोलवावं.

जाल तेव्हा आईकडेही पाहा. ती सतत रडते, जेवत नाही, "मले हे लेकरू नको" म्हणते, तर तिला रागावू नका. हाही आजार आहे आणि बरा होतो. आशाताईला सांगा. टेलीमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन केला तर फुकट बोलता येते, मराठीतही. तिला एकटं ठेवू नका.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या घरी लेकरू रडलं की सगळ्यात आधी काय करतात? ते या पाठात कुठे बसते?
२. गावात आज सहा महिन्यांच्या आतली किती लेकरं आहेत? कोणाच्या घरी मदतीला कोणीच नाही?
३. रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कोणाची, सोबत कोण, फोन कोण लावणार?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावासकट इतिवृत्तात लिहा आणि मगच बैठक संपवा.