आजचं चिंतन : समदृष्टी (गीता, अध्याय 5, श्लोक 18)



विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सर्वांत ज्ञानी एकच तत्त्व पाहतो, असं आजचा श्लोक सांगतो.

परवा जेसल पार्कच्या खाडीकाठी पोरांचा वाद रंगला होता. 2021 च्या टी-20 विश्वचषकात वर्णभेदाविरुद्ध आपला संघ गुडघ्यावर बसला, ते बरोबर की चूक? "खेळाडूंनी खेळावं, बाकी कशाला?" असं बरेच जण म्हणत होते.

मला पालवणकर बंधू आठवले. बाळू पालवणकर चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या चेंडूवर हिंदू संघ जिंकायचा, पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! 1920 मध्ये त्यांना डावललं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. भाऊ गप्प बसले असते, तर हे घडलं असतं का?

ज्या हाताने टाकलेला चेंडू चालतो, त्या हातातला कप का चालू नये? श्लोक नुसता पाठ करून हा प्रश्न सुटत नाही.

आजचा अभ्यास : कामाला येणाऱ्या मावशींचा कप आपल्या घरात वेगळा आहे का, ते बघा. असेल, तर आज घरच्यांशी बोला.